पोरींची जागा

सुमनबाई नाटेकरांना ती अट तोंडपाठ होती. अर्ध्या झोपेत विचारली असती तरी घडाघडा म्हणून दाखवली असती. 'या जागेवर फक्त गरीब आदिवासी मुलींसाठी वसतिगृह बांधावे. दुकान, गाळा, गोदाम किंवा भाड्याचे कोणतेही बांधकाम करू नये. अट मोडल्यास जागा देणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसाकडे परत जाईल.' आता तुम्ही म्हणाल, इतकं लख्ख लिहिलेलं असताना भांडण झालंच कसं? अहो, लख्ख होतं म्हणूनच झालं. मोघम असतं तर कोणाच्या डोळ्यांत सललंच नसतं.

जागा होती सावरपाड्याला. सिल्वासाहून सामरवरणीकडे निघालं की मध्ये हे गाव लागतं, पंचायत त्याची वेगळी. विश्वनाथ गुरुजी मूळचे गुहागरकडचे. पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा शाळामास्तर म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. रस्त्याला लागून जमिनीचा तुकडा घेतला, अर्ध्यावर कौलारू घर बांधलं, उरलेल्या अर्ध्यावर सुमनबाई माड लावू म्हणत होत्या. कोकणातल्या बाईला दारात माड नसला की घर घर वाटत नाही. माड काही लागले नाहीत. त्या जागेवर नारळ फुटला तो एकच, आणि त्या एकानेच सत्यानाश केला. पण ते पुढे येईल.

सगळ्याच्या मुळाशी होती पुतळा, खेरडीच्या एका आदिवासी शेतकऱ्याची पोर. सातवीपर्यंत गावात शिकली, पुढच्या शाळेसाठी सिल्वासाला यायचं तर राहायचं कुठे? पोरांना वसतिगृह होतं, पोरींना नव्हतं. गुरुजींनी तिला आपल्याच घरी ठेवून घेतलं. सुमनबाईंच्या हाताखाली भाकऱ्या थापायची आणि गुरुजींच्या पुढ्यात बसून बीजगणित सोडवायची. नववीत असताना एके दिवशी तिचा बाप दारात येऊन उभा राहिला. "गुरुजी, परक्याच्या घरात वाढती पोर किती दिस ठेवू? लोक बोलतात." गुरुजींनी हात जोडले, खेरडीला जाऊनही समजावून पाहिलं. होळीच्या आत पुतळाचं लग्न लागून गेलं. त्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत.

"यांना कोणाच्या उपकाराचं घर नको, सुमन," ते म्हणाले. "हक्काचं हवं. आपली अर्धी जागा देऊन टाकू."

सुमनबाईंच्या पोटात माडांचं दुखलं, नाही असं नाही. पण पुतळाचं ताट त्यांनीच रोज वाढलं होतं. त्या म्हणाल्या, "द्या. पण पंचायतीला द्यायची तर अट घालून द्या. पंचायत म्हणजे आज हा, उद्या तो. पुढच्याचा काय नेम?" मग दोघं नवरा-बायको ओटीवर बसून अट लिहीत राहिले. 'दुकान' गुरुजींनी लिहिलं होतं. 'गाळा' आणि 'गोदाम' हे शब्द सुमनबाईंनी घालायला लावले. बाई पुढचं बघणारी होती.

ब्याऐंशी साली बक्षीसपत्र झालं. तेव्हाच्या सरपंचांनी सही केली, पेढे वाटले, आणि मग सरकारी रिवाजाप्रमाणे काहीही झालं नाही. जागेवर गवत वाढलं. शाळेतल्या पोरी तिथे खो-खो खेळायला लागल्या, म्हणून लोक तिला 'पोरींची जागा' म्हणू लागले. नथू म्हणून एक रिक्षावाला होता, वाटेवरच्या माणसांना भरून सामरवरणीपर्यंत नेणारा. तो सिल्वासाच्या नाक्यावर ओरडायचा, "सामरवरणी, सामरवरणी, पोरींची जागाऽ!" वसतिगृह नव्हतं, पण थांब्याला नाव मिळालं. गुरुजींना तेवढ्यानेही बरं वाटायचं.

याच वर्षांत या भागाचं नशीब उघडलं की फुटलं, ते ज्याचं त्याने ठरवावं. कर माफ झाले म्हणून मुंबई-गुजरातचे कारखानदार धावत आले. खडोलीला धुराडी उभी राहिली, सामरवरणीला चाळी आणि इमारती. गुजरातेत दारूबंदी आणि इथे मोकळं रान, त्यामुळे शनिवार आला की वापीकडून गाड्यांची रीघ लागायची. रस्त्याकाठच्या जमिनीकडे लोक ताटातल्या पुरणपोळीसारखे बघू लागले. आणि पोरींची जागा तर ऐन रस्त्याला.

अशात भगवंत सरपंच झाला. खानदेशातून रस्त्याच्या कामावर आलेल्या एका मुकादमाचा हा मुलगा. मॅट्रिकला गचकला होता, तेव्हा गुरुजींनी त्याला घरी बसवून पुन्हा तयारी करून घेतली आणि पास करवला. सरपंच झाल्या झाल्या पांढरा सफारी घालून तो आधी गुरुजींच्या पाया पडायला आला. तसा आला की गुरुजींचा ऊर भरून यायचा. मास्तरांची जातच अशी भोळी. जगाने शंभरदा फसवलं तरी आपला विद्यार्थी फसवेल हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

पुढच्या खेपेला तो बोलला. "गुरुजी, वसतिगृहाला सरकार पैसा देत नाही. माझ्याकडे रस्ता आहे. खालती गाळे काढू, वरती वसतिगृह. गाळ्यांच्या भाड्यात पोरींचं जेवणखाण निघेल. कोणाकडे हात पसरायला नको."

सुमनबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवायच्या आधीच म्हटलं, "अटीत गाळा नको असं आहे ना रे, भगवंता?"

"बाई, अट पोरींसाठी आहे ना? हे पण पोरींसाठीच आहे!"

तो गेल्यावर सुमनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पटत असेल तर करा. पण वरचा मजला आधी बांधीन, असं त्याच्याकडून लिहून घ्या."

गुरुजी असे चिडले की बाईंनी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "शिष्याकडून लिहून घेऊ? तो माझे पाय धरतो आणि मी त्याच्यापुढे स्टँपपेपर धरू? उद्या गावात काय तोंड दाखवू?"

झालं. पंचायतीकडून अट लिहून घेणारा माणूस शिष्याकडून चार ओळी लिहून घ्यायला लाजला.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याला भूमिपूजन ठरलं. भगवंत म्हणाला, "नारळ गुरुजींच्याच हातून फुटला पाहिजे." मांडव पडला, सनई लागली. गुरुजींनी कोट घातला, त्याला इस्त्री सुमनबाईंनी केली. त्या स्वतः ठेवणीतली हिरवी साडी नेसून शेजारी उभ्या राहिल्या. मांडवात शिरताना त्यांना मोठा फलक दिसला: 'व्यापारी संकुल भूमिपूजन समारंभ'. वसतिगृहाचा कुठे पत्ता नाही. त्यांनी गुरुजींच्या कोटाची बाही ओढली. "अहो, वाचलंत का?"

गुरुजींनी वाचलं. चेहरा जरा उतरला. पण माईकवरून नाव पुकारलं गेलं होतं, माणसं टाळ्या वाजवत होती, सगळे आपलेच विद्यार्थी. "आता चारचौघांत कुठे विचारू?" ते पुटपुटले. "मागाहून बघतो." आणि गेले पुढे. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, नारळ दगडावर आपटला. एका घावात दोन शकलं. लोक म्हणाले, वा गुरुजी! फोटोवाल्याने फोटो काढला. त्या फोटोत गुरुजी इतके सुरेख आले होते की सुमनबाईंनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला.

मागाहून कसलं बघतात? गुरुजी पंचायतीत जात, सरपंचसाहेब वापीला गेलेले असत. साहेब आले की मीटिंग असे, मीटिंग संपली की साहेब नसत. इमारत मात्र चढत होती. पुढच्या पावसाळ्यानंतर गुरुजींचं हृदय बिघडलं आणि त्यांना खाट धरावी लागली. पडल्या पडल्या विचारायचे, "स्लॅब पडला का गं? वरचा मजला सुरू केला का?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. वर मजला चढवायचा असला की खांबांच्या सळ्या वर मोकळ्या ठेवतात, हे कोणालाही ठाऊक असतं. एका सकाळी सुमनबाईंनी पाहिलं, माणसं गच्चीवर चढून त्या सळ्या कापत होती. एकेक सळई खाली पडताना घणघण वाजत होती. आतून गुरुजींनी विचारलं, "कसला आवाज गं?"

"सळ्या बांधतायत," सुमनबाई म्हणाल्या. "चढेल आता मजला."

गुरुजी त्याच आठवड्यात गेले. समाधानाने गेले, आणि या गोष्टीची बाईंना जन्मभर चीड येत राहिली. ज्याने रागावून जायचं तो हसत गेला, आणि राग सगळा त्यांच्या पदरात टाकून गेला.

संकुल पुरं झालं. गाळे भाड्याने गेले, कोपऱ्यावरच्या मोठ्या गाळ्यात बार निघाला. पोरी खो-खो खेळायच्या तिथे गाड्या लागू लागल्या. माणसं झिंगून बाईंच्या कुंपणाशी उभी राहू लागली, आणि कशाला उभी राहत ते सांगायला नको. बाई बादलीभर पाणी घेऊन धावायच्या. "मेल्यांनो, तुमच्या घरात आयाबहिणी नाहीत का?" एकदा त्या थेट पंचायतीत जाऊन भगवंताला म्हणाल्या, "वसतिगृह कुठाय?" तो गोड हसला. "वसतिगृह होणारच आहे, बाई. निधी येऊ द्या." केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते बाईंना त्या हसण्यात कळलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. सुमनबाई शहाण्या राहिल्याच नव्हत्या, संतापल्या होत्या. वकील होते प्रभाकर चुरी, डहाणूकडचे. माणूस सरळ, बोलणं तोलून मापून. त्यांनी बक्षीसपत्र वाचलं आणि म्हणाले, "बाई, अट कुठेच ढिली नाही. पंचायतीने ती मान्य करून सही केली आहे. मोडली आहे हे तर रस्त्यावरून दिसतंय. जागा तुम्हाला परत मिळायला हवी."

"मला नको जागा. वसतिगृह हवंय."

"आधी जागा तर सोडवू. मग तुम्ही बांधा, नाहीतर कोणा संस्थेला द्या."

दावा लागला. तारखा पडत गेल्या. कधी पंचायतीचा वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली. या काळात पुतळा अधूनमधून येऊन जायची. आता ती पुतळाबाई झाली होती, अंगणवाडीत मदतनीस होती आणि तिची थोरली मुलगी सातवीत होती. "बाई, माझी जानकी हुशार आहे. गणितात माझ्यावर गेली आहे," ती सांगायची. "आठवीपर्यंत कोर्टाचं होईल ना? तुमच्याकडे ठेवा असं मी म्हणणार नाही. माझा बाप जे बोलला, तेच माझा नवरा बोलेल." सुमनबाई तिच्या हातावर हात ठेवून म्हणायच्या, "होईल. होणारच." त्या अटीतल्या वसतिगृहात कोण राहणार हे आता नावानिशी ठरलं होतं.

मग पंचायतीच्या वकिलाने आपलं हत्यार बाहेर काढलं. हत्यार म्हणजे तोच फोटो. मांडव, फलक, शाल, फुटलेला नारळ, हसणारे गुरुजी. म्हणणं सोपं होतं: अट घालणाऱ्यानेच व्यापारी संकुलाचं भूमिपूजन केलं, मान घेतला, जिवंत होता तोवर कोर्टात तक्रार केली नाही. म्हणजे त्याने अट आपल्या हाताने सोडून दिली. मग वारसाने आता बोंब कशाला मारावी?

चुरी वकिलांनी सुमनबाईंना ऑफिसात बोलावलं. बराच वेळ टेबलावरच्या फायली सारख्या करत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, एकच वाट आहे. गुरुजींना त्या वेळी नीट समजत नव्हतं, हे आपण म्हणायचं."

"म्हणजे?"

"वय झालं होतं. विसरत होते. आपण काय करतोय ते कळत नव्हतं. तुम्ही बायको, तुमच्या शब्दाला वजन आहे. कधी विसरले असतील ना काही?"

विसरायचे की! चहात साखर समजून मीठ घालायचे. एकदा बाईंना बहिणीच्या नावाने हाक मारली होती. पण या वयात कोण विसरत नाही? "वकीलसाहेब," बाई म्हणाल्या, "त्या वर्षीही ते पोरांना स्कॉलरशिपचं गणित शिकवत होते. आणि मी त्यांना वेडं म्हणू?"

"वेडं नाही. खोटंही नाही. थोडं ताणायचं."

मुलाला, शंतनूला, नाशिकला फोन लावला. तो कंपनीतला इंजिनीअर, व्यवहाराने बोलणारा. "आई, सांगून टाक. बाबा ऐकायला थोडेच येणार आहेत?" तसं त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच आठवड्यात पुतळाबाई आली, तिला हे समजलं होतं. ती उंबऱ्याशीच बसली. "बाई, काय बी सांगा. पण जागा सोडवा."

सुमनबाईंनी ठरवलं, सांगायचं. रात्रीचं जेवण झाल्यावर भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून त्या मोठ्याने म्हणून बघायच्या: "त्यांना तेव्हा समजत नव्हतं." म्हणता म्हणता सवय झाली. शब्द आहेत शेवटी, जीभ काही झिजत नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. बेलिफाने हाक दिली, "सुमन विश्वनाथ नाटेकर!" आणि बाई पिंजऱ्यात जाताना तोच बेलिफ अदबीने बाजूला झाला. गुरुजींचा विद्यार्थी. शिरस्तेदार मान लववून हसला, तोही त्यांचाच. मागच्या बाकांवर आणखी कितीतरी ओळखीचे चेहरे. भगवंत पुढच्या बाकावर, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत बसायचा तसा.

पंचायतीच्या वकिलाने फोटो समोर धरला. "हे कोण, बाई?"

"हे..." बाई थांबल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. त्या म्हणाल्या, "आमचे मालक."

"शेजारी तुम्हीच ना? फलकावर काय लिहिलंय ते तुम्ही तेव्हा वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"त्यांनी?"

"त्यांनीही."

"तुमचे वकील म्हणतात, गुरुजींना तेव्हा समजत नव्हतं. आता नीट आठवून सांगा. त्या दिवशी गुरुजी भानावर होते का?"

हाच तो प्रश्न. उत्तर तयार होतं, ओठांवर होतं. बाईंनी फोटोकडे पाहिलं. घरच्या फोटोकडे पाठ करायची त्यांना सवय झाली होती. इथे पाठ करायला जागा नव्हती. आपण इस्त्री केलेला कोट, खांद्यावरची शाल आणि तो वेडा अभिमान. मागे सगळे बसलेले, ज्यांना या माणसाने पाढे शिकवले, ते सगळे कान देऊन ऐकत होते की गुरुजींची बायको गुरुजींबद्दल काय सांगते.

"पूर्ण भानावर होते," सुमनबाई म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की न्यायाधीशांनी वर पाहिलं. "त्यांच्या डोक्याला शेवटपर्यंत काही झालं नव्हतं. त्या समोर बसलेल्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं. वर पोरींची खोली बांधतो म्हणून त्याने पाय धरले होते. विचारा त्याला!"

चुरी वकिलांनी पेन टेबलावर ठेवलं. पंचायतीचा वकील वाकून म्हणाला, "आभारी आहे, बाई. मला आणखी काही विचारायचं नाही."

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात निकाल लागला. अट योग्य होती, तिचा भंग झाला होता, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पण अट घालणाऱ्याने स्वतः, पूर्ण जाणिवेने, जाहीर समारंभात ती सोडली होती, आणि तशी त्याच्या पत्नीचीच साक्ष होती. वरच्या मजल्याचं तोंडी आश्वासन शाबीत झालं नाही. दावा फेटाळला. चुरी म्हणाले, मुंबईला हायकोर्टात जाता येईल. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. फोनवर शंतनू म्हणाला, "तेलही गेलं, तूपही गेलं, आई." धुपाटणं त्याने म्हटलं नाही, तेवढी त्याची माया.

पुतळाबाई आली. ती ओरडेल, शिव्या देईल, म्हणून सुमनबाई तयार होत्या. ती ओरडली नाही. उंबऱ्याशी बसली, पाणी प्यायली, तांब्या नीट जागेवर ठेवला.

"जानकी खडोलीला लागली," ती म्हणाली. "धाग्याच्या कारखान्यात. पोरींना घेतात तिथं, बोटं बारीक असतात म्हणून."

"पुतळा, मला त्यांच्याबद्दल तसं बोलवेना गं."

"हां," पुतळाबाई उठली. "तुमचं माणूस मेलेलं होतं, बाई. माझी पोर जिती आहे."

ती निघाली तशी सुमनबाई कुंपणापर्यंत तिच्यामागे चालत गेल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर म्हटलं असतं, चला, निदान नाव राहिलं. पण भगवंत सोडतोय कसला! दिवाळीच्या सुमारास तो शाल आणि नारळ घेऊन दारात आला. "बाई, पंचायतीने ठराव केला. संकुलाला गुरुजींचं नाव द्यायचं. कार्यक्रमाला तुम्ही यायचं." आणि वाकला पायांवर.

सुमनबाईंनी पाय मागे घेतले. "हात लावू नकोस. ज्यांचे पाय धरलेस त्यांना ओढून खाली पाडलंस तू."

भगवंत सरळ उभा राहिला. रागावला नाही. त्याला राग येत नसे, हेच त्याचं भांडवल होतं. "असं काय बोलता, बाई? कोर्टात तुम्हीच गुरुजींची इज्जत राखली. आम्ही पण राखतोय." नारळ ओटीवर ठेवून तो निघून गेला. बाईंनी तो उचलला आणि कुंपणापलीकडे भिरकावला. कोकणातल्या बाईने नारळ फेकला, यावरून काय ते समजा.

त्या नाही गेल्या, पण पाटी लागली. 'कै. विश्वनाथ नाटेकर गुरुजी व्यापारी संकुल'. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. थोड्याच दिवसांत कोपऱ्यावरच्या बारवाल्याने आपली जुनी पाटी उतरवली. पत्ता सांगायला सोपं म्हणून त्याने नवीन पाटी लावली, लाल दिव्यांची. विश्वनाथ बार अँड रेस्टॉरंट. शनिवारी वापीकडून येणारी गिऱ्हाईकं एकमेकांना सांगू लागली, विश्वनाथला बसू. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिवे दिसायचे, म्हणून बाईंनी खिडकी बंद करून टाकली.

पुढच्या वर्षी कधीतरी त्या सिल्वासाला डोळे दाखवायला गेल्या होत्या. परत येताना नाक्यावर संध्याकाळ झाली. नथू म्हातारा होऊन घरी बसला होता, त्याच्या जागी उत्तरेकडून आलेला कोणीतरी रिक्षावाला होता. मागे तिघीजणी, पुढे दोघं, बाई कशाबशा कडेला बसल्या. रिक्षावाल्याने एकेकाला विचारलं, कुठे उतरायचं. कोणी म्हणालं सामरवरणी, कोणी चाळीचं नाव सांगितलं.

"माँजी, आप?"

"पोरींची जागा," सुमनबाई म्हणाल्या.

"ये किधर आया?"

"अरे, सावरपाडा. सामरवरणीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पोरींची जागा म्हणतात."

"नहीं मालूम, माँजी. बाजू में क्या है?"

मागच्या तिघींतली एक कारखान्यातून सुटून आलेली पोर होती. तिला घाई होती. ती म्हणाली, "सांगा ना आजी, उशीर होतो." रिक्षावाला आरशातून बघत राहिला, इंजिन धडधडत होतं, सगळे त्यांच्या उत्तरासाठी थांबले होते.

बाईंनी पदर खांद्यावरून पुढे घेतला, उखाणा घेताना घेतला होता तसा.

"विश्वनाथ बार," त्या म्हणाल्या.

"अच्छा, विश्वनाथ! पहले बोलना था ना," रिक्षावाला म्हणाला आणि त्याने गाडी काढली.